घरच्या वेल्डिंगसाठी कोणतं मशीन घ्यावं? आधी पाइपची जाडी मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चौकोनी पाइपचं टेबल, कुंड्यांचं स्टँड, पुस्तकांचा रॅक आणि पुढे जमलं तर एक छोटं फाटक, हे सगळं घरच्या घरी करायचं आहे. याआधी कधी वेल्डिंग केलेलं नाही. घरात सिंगल फेज वीज आहे. मग २०० अँपिअरचं रॉडवालं मशीन घ्यावं, बिनगॅसचं मिग (रॉडऐवजी तार आपोआप पुढे सरकवणारं मशीन) घ्यावं, की रॉड, मिग आणि टिग (टंगस्टनच्या टोकाने वितळवून दुसऱ्या हाताने भर घालायची पद्धत) तिन्ही देणारं एकच मशीन घ्यावं? आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "दोनशे अँपिअर पुरतील ना?"

बावीस वर्षं फॅब्रिकेशन करतोय आणि नवशिक्यांना शिकवतोही, त्यामुळे हा प्रश्न ओळखीचा आहे. मशीन विकताना सगळ्यात मोठा आकडा पुढे केला जातो, आणि घेणाराही तोच बघतो. पण तुमच्या यादीतल्या एकाही वस्तूला दोनशे अँपिअर लागत नाहीत, शंभरही क्वचितच लागतील. तुमचं बहुतेक काम ४० ते ९० अँपिअरमध्ये होणार आहे. म्हणून वरचा आकडा किती हे मी विचारत नाही. चाळीसवर आणल्यावर मशीनचा आर्क, म्हणजे धातू वितळवणारी विजेची ज्योत, शांत आणि एकसारखा चालतो का, हे मला महत्त्वाचं वाटतं. पातळ पाइपला भोक पडणार की नीट जोड बसणार, ते तिथेच ठरतं.

मात्र एक गोष्ट तुम्ही सांगितलेली नाही, आणि माझं उत्तर तिच्यावरच अवलंबून आहे: पाइपची भिंत किती जाडीची? बाहेरून सारखेच दिसणारे २५ मि.मी.चे तीन पाइप असतात, एकाची भिंत १.२ मि.मी., दुसऱ्याची १.६ आणि तिसऱ्याची २ मि.मी. हातात घेतल्यावर वजनाचा फरक कळतो, पण अंदाजावर राहू नका, व्हर्नियर कॅलिपरने मोजा. ढोबळ हिशेब असा की पातळ पोलादाला दर मि.मी. जाडीमागे साधारण ४० अँपिअर लागतात. म्हणजे १.५ मि.मी.ला साठच्या आसपास, २ मि.मी.ला ऐंशीच्या आसपास. जोड कोपऱ्याचा आहे की सपाट, फट किती आहे, रॉड आहे की तार, यानुसार हा आकडा खालीवर होतो.

तुमचे पाइप दोन मि.मी. किंवा त्याहून जाड असतील तर रॉडचं छोटं इन्व्हर्टर (इलेक्ट्रॉनिक, वजनाला हलकं) मशीन घ्या. नवशिक्याला माझा पहिला सल्ला आजही हाच आहे. त्यात बिघडण्यासारखं कमी असतं, गॅसची बाटली लागत नाही, वाऱ्यात अंगणात काम करता येतं, आणि थोडा गंज किंवा रंग राहिला असला तरी रॉड सांभाळून घेतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये ऑस्कर शेलबेर्ग यांनी उघड्या सळईला लेप दिला. तो जळताना वायूचं आवरण तयार होतं आणि वर खपली बसते, त्यामुळे तापलेलं लोखंड हवेपासून वाचतं. रॉडचं काम आजही याच तत्त्वावर चालतं.

सुरुवात ६०१३ नंबरच्या रॉडने करा. तो सहज पेटतो, आर्क मऊ असतो, खपली लवकर सुटते. जाडी २.५ मि.मी. घेतलीत तर ६० ते ९० अँपिअर, २ मि.मी. घेतलीत तर ४० ते ६०. नंबरातले पहिले दोन आकडे वेल्डच्या धातूची ताकद सांगतात: ६० म्हणजे दर चौरस इंचाला किमान ६०,००० पौंड ताण. ७०१८ त्याहून मजबूत खरा, पण त्याला ओलावा अजिबात चालत नाही आणि विझला की पुन्हा पेटवताना नवशिक्याला त्रास देतो. कुंड्यांच्या स्टँडसाठी त्याच्या मागे लागू नका.

पाइप १.२ ते १.५ मि.मी.चे असतील तर मात्र माझं उत्तर बदलतं. एवढ्या पातळ पाइपवर रॉड चालवता येतो, मी चालवतो, पण ते सरावाचं काम आहे. रॉड पेटला की उष्णता ओततच राहतो, ती थांबवायची तर आर्क तोडावा लागतो. तारेच्या मशीनमध्ये बोटाखाली खटका असतो. दाबला की टाका पडतो, सोडला की थंड होतं. पातळ पत्र्यावर याचा फार आधार वाटतो. तरीही रॉडनेच करायचं असेल तर २ मि.मी.चा ६०१३ घ्या, होल्डर (रॉड धरणारा चिमटा) मशीनच्या ऋण टोकाला लावा म्हणजे वितळ कमी खोल जाते, फट शून्यावर आणा आणि लांब रेघ ओढण्याऐवजी लहान टाके एकमेकांवर चढवत पुढे जा. शक्य तिथे जोडामागे तांब्याची जाड पट्टी धरा. तांब्याला वेल्ड चिकटत नाही आणि ते उष्णता खेचून घेतं.

तारेच्या मशीनबद्दल एक गैरसमज कायम भेटतो. 'बिनगॅसचं मिग' म्हणजे त्यात कोणतीही तार घालून गॅसशिवाय चालवायची, असं नाही. बिनगॅसची तार पोकळ असते आणि तिच्या पोटात रॉडच्या लेपासारखीच भुकटी असते, संरक्षण ती करते. भरीव तार गॅसशिवाय चालवली तर वेल्ड स्पंजासारखं छिद्राछिद्राचं होतं. दोन्ही तारांची टोकंही उलट असतात. भुकटीच्या बिनगॅस तारेला बंदूक (तार बाहेर येते तो हातातला भाग) ऋण टोकावर लागते, भरीव तारेला गॅससोबत धन टोकावर. म्हणून मशीन घेताना टोकं बदलायची सोय आहे का, हे उघडून बघा. काही स्वस्त मशीनमध्ये ती नसते. मग त्यावर एकाच प्रकारची तार नीट चालते. तार पुढे ढकलणारे रोलरही वेगळे लागतात: भरीव तारेला गुळगुळीत खाच, भुकटीच्या तारेला खरखरीत. गुळगुळीत रोलरवर भुकटीची तार घसरते, म्हणून स्क्रू जास्त आवळला जातो, मग पोकळ तार चेपते आणि लोक मशीनला दोष देतात.

बिनगॅस तार वाऱ्यात चालते, पण धूर आणि ठिणग्या जास्त, आणि खपलीही काढावी लागते. उष्णताही जरा जास्तच असते, त्यामुळे १.२ मि.मी.च्या खाली ती अवघड जाते. अगदी पातळ कामाला ०.६ किंवा ०.८ मि.मी.ची भरीव तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण, ज्यात साधारण तीन चतुर्थांश आर्गॉन असतो, याच्याइतकं सोपं आणि स्वच्छ दुसरं काही नाही. त्याच्यासोबत गॅसची बाटली येते, ती भरून आणायची, सांभाळायची, बांधून उभी ठेवायची. आणि वारा आला की गॅस उडून जातो, म्हणून काम आडोशालाच करावं लागतं. तुमची जागा उघडी असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

तारेच्या मशीनचा एक धोका कुणी मोकळेपणाने सांगत नाही, म्हणून मी इथे जरा थांबतो. रॉडचं वाईट वेल्ड वाईटच दिसतं: चिकटतो, गोळे होतात, खपली अडकते. तारेचं वाईट वेल्ड छान दिसू शकतं. वर सुरेख रेघ असते आणि खाली धातू वितळलेलाच नसतो, तार नुसती वर बसलेली असते. माझ्याकडे शिकायला आलेल्या एकाने तारेच्या मशीनवर स्टुलाचे चार पाय जोडले होते. रेघ इतकी एकसारखी की मीही कौतुक केलं. मग एक पाय शिकंज्यात धरून हातोडीने ठोकला, तर अख्खी रेघ पट्टीसारखी सोलून निघाली, खाली पाइपचा मूळ काळा रंग तसाच. त्या दिवसापासून माझ्याकडे कुणीही पहिल्या महिन्यात न तोडलेला जोड दाखवायचा नाही, असा नियम आहे.

टिगबद्दल फार लिहीत नाही. काम सुंदर होतं, पण धातू अगदी स्वच्छ लागतो, आर्गॉन लागतो, दोन्ही हात वेगवेगळं काम करतात आणि वेग कमी असतो. पहिलं मशीन त्याच्यासाठी घेऊ नका. तीन कामांच्या मशीनवर टिग लिहिलेलं असतं ते बहुधा फक्त डीसीवर चालणारं, टोक टेकवून पेटवायचं. त्यावर पोलाद आणि स्टेनलेस होतं. अॅल्युमिनियमला एसी टिग लागतं, कारण त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर मूळ धातूपेक्षा खूपच जास्त तापमानाला वितळतो आणि तो फोडायला एसी हवं. 'टिग आहे म्हणजे अॅल्युमिनियमही होईल' या भरवशावर मशीन घेतलेले अनेक जण मला भेटले आहेत.

आता विजेचा हिशेब. तो कंटाळवाणा वाटला तरी वाचा, कारण दोनशेच्या आकड्याचं उत्तर त्यातच आहे. रॉडच्या आर्कचा व्होल्टेज ढोबळमानाने २० अधिक अँपिअरच्या ०.०४ पट धरतात. ९० अँपिअरला तो २३.६ व्होल्ट होतो, म्हणजे आर्कमध्ये सुमारे २,१०० वॅट. मशीनमधली गळती धरली तर घराच्या भिंतीतल्या सॉकेटमधून २,६०० वॅटच्या आसपास खेचले जातात. २३० व्होल्टवर हे ११ अँपिअर दिसतात, पण साध्या इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर (खेचलेल्या करंटपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) ०.७ च्या घरात असतो, त्यामुळे तारेतून प्रत्यक्षात १६ अँपिअरपर्यंत जातात. हाच हिशेब २०० अँपिअरला केला तर भिंतीतून ४० अँपिअरच्या पुढे जायला हवेत. आता मशीनची पिन बघा. ती १६ अँपिअरची असेल आणि खोक्यावर २०० लिहिलं असेल, तर तो आकडा तुमच्या घरात कधीच मिळणार नाही. वीज १२० व्होल्टची असेल तर तेवढ्याच कामाला जवळपास दुप्पट अँपिअर लागतात, तिथे तर आणखी सांभाळून.

म्हणून खोक्यावरचं वाचू नका, मशीनच्या मागची पाटी वाचा. तिथे भिंतीतून जास्तीत जास्त किती अँपिअर घेणार ते लिहिलेलं असतं, आणि टक्क्यांमध्ये ड्यूटी सायकल. १०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क, चार मिनिटं विश्रांती. १६० अँपिअरला २० टक्के म्हणजे फक्त दोन मिनिटं. प्रामाणिक पाटीवर ही चाचणी ४० अंश सेल्सिअस तापमानाची असते. घरच्या कामात रॉड बदलणं, खपली काढणं, पुढचा तुकडा जुळवणं यात आपोआप विश्रांती मिळते, त्यामुळे ९०-१०० अँपिअरला ४० टक्के असलं तरी तुमचं भागेल. तुमच्या कामाच्या अँपिअरचा टक्काच पाटीवर नसेल तर ते मशीन मी घेत नाही.

एक्स्टेन्शन वापरायचं तर किमान २.५ चौरस मि.मी.ची तार, शक्य तितकी आखूड, आणि पूर्ण उलगडलेली. गुंडाळीवर तशीच ठेवली तर आतल्या आत तापून वितळते. आणि अर्थिंग खरोखर काम करतंय का, हे एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

आतापर्यंतचं एका जागी: भिंत दोन मि.मी. आणि पुढे, किंवा काम उघड्यावर, तर रॉडचं १४० ते १६० अँपिअरचं इन्व्हर्टर. भिंत दीड मि.मी.च्या खाली आणि जागा आडोशाची, तर तारेचं मशीन, गॅसची सोय असलेलं. दोन्ही प्रकारचं काम येणार असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर तार आणि रॉड दोन्ही चालवणारं मशीन घेणं चुकीचं नाही, फक्त टोकं बदलता आली पाहिजेत. जुनं तांब्याच्या गुंडाळीचं ट्रान्सफॉर्मर मशीन स्वस्तात मिळत असेल तर ते वर्षानुवर्षं टिकतं हे खरं. पण ते जड असतं आणि बहुतेकांचा खालच्या अँपिअरचा आर्क ओबडधोबड असतो, म्हणून तुमच्या पातळ पाइपला मी ते सुचवणार नाही.

दुकानात शक्य असेल तर मशीन चालवून बघा. चाळीस अँपिअरवर आणा, २ मि.मी.चा रॉड लावा आणि पातळ तुकड्यावर रेघ ओढा. आर्क तुटतो का? रॉड अर्धा जळल्यावर विझवून पुन्हा पेटवा, सहज पेटतो का? पेटवताना क्षणभर जादा अँपिअर देणारं हॉट स्टार्ट आणि रॉड चिकटल्यावर करंट पाडणारं अँटी-स्टिक, या दोन सोयी नवशिक्याला खरोखर उपयोगाच्या आहेत. केबल किती लांब आहे तेही बघा. मीटर-दीड मीटरची केबल देतात आणि मग माणूस टेबलाभोवती मशीन उचलून फिरत राहतो. अर्थचा क्लॅम्प (कामाच्या तुकड्याला लावायचा चिमटा) पत्र्याचा हलका असेल तर पहिल्याच दिवशी चांगला बसवा. सैल क्लॅम्पमुळे आर्क फडफडतो, आणि नवशिका आपला हात वाईट आहे असं समजून बसतो.

इन्व्हर्टरचा एक शत्रू लक्षात ठेवा: ग्राइंडरची भुकटी. मशीनचा पंखा ती आत ओढतो आणि ती लोखंडाची असल्यामुळे वीज वाहून नेते. माझं एक चांगलं मशीन असंच गेलं, ग्राइंडिंगच्या बाकाखाली ठेवलं होतं. तुम्ही ग्राइंडर एका टोकाला आणि मशीन दुसऱ्या टोकाला ठेवा.

सगळे पैसे मशीनवर घालू नका. आपोआप काळी होणारी काच असलेलं हेल्मेट घ्या, तुमच्या कामाला १० किंवा ११ शेड (काचेच्या काळेपणाचा आकडा). हातात धरायच्या काचेपेक्षा याने शिकणं फार लवकर होतं, कारण रॉड कुठे टेकतोय ते पेटण्याआधी दिसतं. चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचे जाड सुती कपडे (सिंथेटिक वितळून कातडीला चिकटतं), बंद बूट, ग्राइंडर, दोन-चार क्लॅम्प आणि गुण्या. आर्ककडे उघड्या डोळ्यांनी बघितलं तर त्रास लगेच होत नाही. काही तासांनी, बऱ्याचदा रात्री, डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं. घरातली मुलं कुतूहलाने जवळ येतात, त्यांच्यासाठी आडपडदा लावाच.

जस्ताचा मुलामा असलेले पाइप स्वस्त, चकचकीत आणि गंजत नाहीत म्हणून घेण्याचा मोह होईल. वेल्डच्या उष्णतेने जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो श्वासात गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं. एक-दोन दिवसांत उतरतं, पण ते दोन दिवस मी भोगले आहेत, तुम्ही भोगू नका. सुरुवातीला साधे काळे पाइप घ्या. मुलाम्याचेच वापरायचे असतील तर जोडाच्या दोन्ही बाजूंचा मुलामा आतून-बाहेरून घासून काढा आणि मोकळ्या हवेत, वारा धूर आपल्यापासून दूर नेईल अशा बाजूला उभं राहून काम करा. तेल पुसायला ब्रेक क्लीनरसारखं क्लोरीन असलेलं द्रावण कधीही वापरू नका. आर्कच्या प्रकाशात आणि उष्णतेत त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. बंद डबा, पिंप, टाकी यांना हात लावू नका, रिकामी दिसली तरी. ओल्या जमिनीवर किंवा घामाने भिजलेल्या मोज्यांनी रॉड बदलू नका, कारण आर्क बंद असताना होल्डरवर ६० ते ९० व्होल्ट असू शकतात. कुणाला पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांनी जवळ थांबू नये. आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, जागा सोडू नका. लाकडाच्या भुशात पडलेली ठिणगी लगेच पेट घेत नाही, ती धुमसत राहते.

मशीन घरी आलं की लगेच टेबलाला हात घालू नका. ज्या पाइपचं टेबल करायचं आहे त्याचेच हातभर लांबीचे तुकडे कापा आणि त्यांचे काटकोनी जोड करा. प्रत्येक जोड शिकंज्यात धरून वाकवा. वेल्ड सुटलं तर अँपिअर पाच-दहाने वाढवा किंवा हात सावकाश करा. भोक पडलं तर उलट. वेल्ड जागेवर राहून शेजारचा पाइप वाकू लागला की तुमचा आकडा सापडला, तो मशीनवर मार्करने लिहून ठेवा. त्यानंतर कुंड्यांचं स्टँड करा, मग रॅक, मग टेबल. फाटक शेवटी, कारण त्याच्या बिजागऱ्यांवर रोज झटका बसतो. आणि शिडी, मुलांचा झोका, गाडीच्या चॅसीसारखं ज्याच्यावर कुणाचा जीव अवलंबून आहे असं काहीही, हात बसलाय असं वाटलं तरी, अनुभवी माणसाकडूनच करून घ्या.

पाइपची जाडी मोजून कळवा, म्हणजे रॉड कोणता आणि आकडा कुठून सुरू करायचा ते नेमकं सांगतो.